दोन मंगळवार

ऑड्री निफेनेगरची ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचायला घेतली आणि सुरुवातीच्याच पानांवर थांबले. क्लेअर तिथं सांगते, की पूर्वी पुरुष समुद्रावर जायचे, बायका पाण्याच्या काठाशी उभ्या राहून क्षितिजावर गलबताचा ठिपका शोधायच्या, आणि आता ती तशीच हेन्रीची वाट पाहते. तिच्या दृष्टीनं गलबतांची ती गोष्ट फार जुन्या काळातली होती. माझा नवरा त्या आठवड्यात पॅसिफिकच्या मधोमध होता.

लग्नाला वर्ष झालं होतं. तो मर्चंट नेव्हीत, सेकंड ऑफिसर. बोट जपानहून अमेरिकेकडे निघालेली. पूर्वेकडे जाताना बोटीवरची घड्याळं थोड्या थोड्या दिवसांनी तासभर पुढे करत नेतात, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक अख्खा दिवस पुन्हा वाट्याला येतो. तोच वार, तीच तारीख. त्याचे दोन ईमेल आले. दोन्हींच्या माथ्यावर त्यानं एकच तारीख लिहिली होती. पहिल्यात हवा, जेवण, झोप, सगळं नेहमीचं होतं. दुसऱ्यात एवढंच, “आज इथं परत मंगळवार आहे.”

मला एकच मंगळवार मिळाला होता, आणि तो मी कधीच संपवून बसले होते.

ही कादंबरी २००३ साली आली. पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, मालिकाही निघाली. पण मला बोलायचं आहे ते पुस्तकाबद्दल. हेन्री डीटॅम्बल शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत ग्रंथपाल आहे. त्याच्या जनुकांतच असा दोष आहे, की तो बसल्या जागेवरून वर्तमानातून निसटतो आणि मागच्या नाहीतर पुढच्या काळात जाऊन पडतो. यंत्र नाही, कळ नाही, त्याच्या इच्छेला विचारतो कोण! अंगावरचे कपडेसुद्धा बरोबर जात नाहीत. कुठल्याशा गल्लीत, कुठल्याशा वर्षी, थंडीवाऱ्यात तो उघडा उभा असतो. क्लेअर ॲबशायर मात्र तुमच्याआमच्यासारखी, सोमवारनंतर मंगळवार जगणारी. मिशिगनमध्ये साउथ हेवनजवळ तिचं घर आहे आणि घराजवळ एक कुरण. १९७७ च्या सप्टेंबरात, ती ६ वर्षांची असताना, त्या कुरणात तिला ३६ वर्षांचा हेन्री भेटतो. तो तिचा पुढे होणारा नवरा असतो, पुढच्या काळातून मागे आलेला. हेन्रीला मात्र क्लेअर आयुष्यात पहिल्यांदा दिसते ती १९९१ च्या ऑक्टोबरात, लायब्ररीत. तेव्हा तो २८ वर्षांचा आणि ती २०.

दोघांची पहिली भेट वेगवेगळ्या दिवशी झाली आहे. एवढी एक गोष्ट कळली की बाकीची गुंतागुंत आपोआप सुटत जाते.

मला सगळ्यात जास्त छळलं ते त्यातल्या तारखांच्या यादीनं. कुरणातला हेन्री लहानग्या क्लेअरला तारखा सांगतो आणि ती वहीत उतरवून घेते. एकूण १५२ तारखा. या या दिवशी मी येणार. तिनं त्याचे कपडे पेटीत घालून ठेवायचे, काहीतरी खायला आणायचं आणि कुरणात जाऊन थांबायचं. गंमत बघा, हेन्रीला तरी या तारखा कुठून कळल्या? मोठ्या झालेल्या क्लेअरच्या वहीतून. आणि क्लेअरला? हेन्रीकडून. त्या यादीला उगमच नाही. कुणी ठरवली नाही, कुणी लिहायला घेतली नाही, ती नुसती आहे. एका मुलीचं अख्खं बालपण त्या यादीला टांगलेलं आहे.

आपण मराठीत ‘वाट पाहतो’. त्या शब्दांत रस्ता आहे. कुणीतरी दुरून चालत येणार, आधी धूळ दिसणार, मग आकृती, मग चेहरा. काळातून येणाऱ्या माणसाला वाट नसते. गवत हलतं आणि तो तिथं असतो. बोलता बोलता नसतो. क्लेअरला पाहायला वाटच नाही, म्हणून ती तारीख पाहते. आपल्या जुन्या कवितेतल्या विरहिणीला तारीख कुठे ठाऊक असते? कावळा ओरडला, डोळा लवला की त्यातून ती शकून काढते. क्लेअरकडे वही आहे. पहिल्या वाचनात मला वाटलं होतं, क्लेअर किती सुखी!

कारण माझ्याकडेही तारीख असायची, फक्त ती सरकायची. बोटीवरच्या माणसाच्या घरात ‘साइन ऑफ’, म्हणजे काम संपवून बोटीवरून उतरणं, हा शब्द सणासारखा उच्चारला जातो. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, म्हणजे अमुक तारखेच्या आसपास. पण त्या सुमारास बोट कुठल्या बंदरात असेल, त्याच्या जागी येणारा रिलीव्हर वेळेवर पोहोचेल का, त्याचा व्हिसा झाला आहे का, यावर सगळं अवलंबून. “आठवडाभर इकडेतिकडे” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या दिवसावर फुली मारायची. दिवस संपला याचं समाधान वाटायचं. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्या फुल्या आठवून मी हादरले. आयुष्यातले किती दिवस मी स्वतःच्या हातानं खोडून टाकले होते! त्यांतल्या कितीतरी दिवसांना काही वाईट नव्हतं. पाऊस पडला होता, मैत्रीण भेटली होती, पोळ्या चांगल्या झाल्या होत्या. त्यांचा दोष एवढाच, की ते मधले होते.

या मधल्या दिवसांचं कादंबरीनं काय केलं आहे, हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक तुकड्याच्या वर तारीख असते आणि कंसात दोघांची वयं: हेन्री अमुक वर्षांचा, क्लेअर अमुक. एका भेटीतून उडी मारून आपण थेट दुसऱ्या भेटीत पडतो. म्हणजे वाचक हेन्रीसारखा प्रवास करतो. क्लेअरच्या शाळेतले, आजारपणातले, नुसतेच खिडकीशी गेलेले शेकडो दिवस आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. वाट पाहण्यावरच्या या पुस्तकात वाट पाहण्याचे दिवस फार थोडे आहेत. मला ही त्याची मोठी उणीव वाटते. ५०० पानांच्या गोष्टीत रिकाम्या दुपारी मावणार नाहीत हेही समजतं. तरी वाटतं, एक पूर्ण प्रकरण हवं होतं, ज्यात हेन्री येत नाही आणि दुसरंही काही घडत नाही.

यादीतली शेवटची तारीख २४ मे १९८९, क्लेअरचा अठरावा वाढदिवस. त्यानंतर वही कोरी. तो पुढे भेटणार हे तिला माहीत आहे, तारीख माहीत नाही. ती दोन वर्षं पाच महिने हेन्रीला न भेटता काढते. मग एके दिवशी काही कामासाठी न्यूबेरी लायब्ररीत जाते, आणि समोर तो. जिवंत, तरुण, त्याच्या स्वतःच्या काळात. आणि तो तिला ओळखत नाही.

या प्रसंगाशी मी प्रत्येक वेळी रेंगाळते. क्लेअरच्या बाजूनं चौदा वर्षांची ओळख आहे. या माणसाच्या खांद्यावर ती रडली आहे, त्याच्या आवडीनिवडी तिला पाठ आहेत. हेन्रीच्या बाजूनं काहीच नाही. एक सुंदर अनोळखी मुलगी आपल्याकडे पाहून इतकी का हरखली, हे त्याला कळत नाही. शिवाय हा हेन्री तिच्या ओळखीचा हेन्री नव्हेच. कुरणात यायचा तो समजूतदार, थोडा थकलेला, तिच्याबरोबरच्या संसारानं घडवलेला माणूस. हा दारू पिणारा, बेफिकीर तरुण. ज्याची वाट पाहिली तो अजून तयारच झालेला नाही. आता तिला आणखी एकदा थांबायचं आहे, समोर बसलेल्या माणसातून तो माणूस उगवून येईपर्यंत.

होमरच्या ‘ओडिसी’तली पेनेलोपी नवऱ्यासाठी वीस वर्षं थांबली, दहा युद्धाची आणि दहा परतीच्या प्रवासाची. मागणी घालणाऱ्यांना तिनं सासऱ्यासाठी कफन विणायचं कारण सांगितलं, दिवसा विणलं, रात्री उसवलं, आणि अशी तीन वर्षं रेटली. पण मला तिची आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. नवरा समोर उभा राहिला तेव्हा ती धावत गेली नाही. तिनं दासीला सांगितलं, की त्यांचा पलंग खोलीबाहेर आणून घाल. ओडिसियस भडकला, कारण तो पलंग त्यानं जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडातून कोरलेला होता, तो हलूच शकत नव्हता. हे फक्त त्या दोघांना ठाऊक. पेनेलोपीनं आधी परीक्षा घेतली आणि मग गळ्यात पडली. थांबणाऱ्या बाईचा हा हक्क क्लेअरला मिळत नाही. पलंगाची खूण तिला एकटीला माहीत आहे आणि समोरच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार आहे. निफेनेगरनं पुस्तकाच्या अगदी शेवटी ‘ओडिसी’तल्या पुनर्भेटीच्याच ओळी दिल्या आहेत, तेव्हा ही तुलना तिच्याही मनात असणार.

आमची मुलगी अकरा महिन्यांची असताना माझा नवरा घरी आला. गेला तेव्हा ती पाच महिन्यांची होती. तिला मी रोज त्याचा फोटो दाखवायची, “बाबा कुठे?” म्हटलं की ती फोटोवर बोट ठेवायची. दारात प्रत्यक्ष बाबा उभा राहिला तर ती माझ्या खांद्यात तोंड लपवून किंचाळली. त्यानं पसरलेले हात तसेच राहिले. मग तो म्हणाला, “असू दे. मी इथंच बसतो.” आणि दाराजवळच्या स्टुलावर बूटसुद्धा न काढता बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती रांगत गेली, लांबूनच त्याच्या बुटाची नाडी ओढली आणि परत आली. तो जराही हलला नव्हता. तोवर वाट पाहणं हे माझंच काम आहे, अशी माझी समजूत होती.

क्लेअर चित्रकार आहे. हातकागद बनवते आणि त्यातून शिल्पं घडवते. निफेनेगर स्वतः शिकागोची दृश्यकलावंत, त्यामुळे हा भाग वाचताना हात ओले झाल्यासारखे वाटतात. हातकागदाला घाई चालत नाही. लगद्यात चौकट बुडवून वर उचलायची, पाणी निथळू द्यायचं, ओलं पान लोकरी कापडावर उतरवायचं, दाबायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. लग्नानंतरचं घर इतकं लहान असतं, की तिची शिल्पंही लहान होत जातात. मग हेन्री पुढच्या काळातून लॉटरीचे आकडे आणतो आणि त्या पैशातून तिच्यासाठी स्टुडिओ असलेलं घर घेतलं जातं. त्याच्या साऱ्या येण्याजाण्यात हे एक देणं मला फार मोलाचं वाटतं. नुसता जीव लावून तिचं भागलं नसतं, तिला थांबण्यासाठी जागा हवी होती, आणि ती त्यानं मिळवून दिली.

आता मनात सलणारी गोष्ट. मोठा पुरुष एका लहान मुलीला भेटत राहतो आणि ती पुढे आपली बायको होणार हे त्याला माहीत असतं, यानं अनेक वाचक अस्वस्थ होतात. मीही होते. आई म्हणून स्वतःची मुलगी मोठी होताना पाहिल्यावर तर जास्तच. हेन्री जपून वागतो, बऱ्याच गोष्टी तिला सांगायचं टाळतो, हे खरं. पण क्लेअरनं दुसऱ्या कुणावर मनापासून प्रेम करून पाहायची शक्यता त्या कुरणातच मिटली. याचं समाधानकारक उत्तर पुस्तकाकडे नाही. हेन्रीच्या जगात घडलेलं काही बदलता येत नाही. त्याच्या आईचा मोटार अपघात तो पुन्हा पुन्हा पाहतो आणि एकदाही थांबवू शकत नाही. मग क्लेअरनं निवड केली असं म्हणायचं तरी कसं? आणि निवडीविना केलेल्या प्रतीक्षेला प्रेम म्हणावं का? मला वाटतं, यादीनं तिला कुरणात आणलं. पण लायब्ररीतल्या त्या उद्धट तरुणाला पाहून ती उठून गेली नाही, हे यादीत लिहिलेलं नव्हतं. तिथं वही कोरी होती. मी तिच्यावर विश्वास ठेवते तो त्या कोऱ्या पानापासून पुढे.

२०२० साली माझ्या नवऱ्याची यादीही कोरी झाली. जानेवारीत तो बोटीवर चढला, जुलैत उतरायचा होता. मार्चनंतर बंदरांनी माणसं उतरवून घेणं थांबवलं. माल उतरत होता, माणसं उतरत नव्हती. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कुणालाही सलग बारा महिने बोटीवर ठेवता येत नाही, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात जगभरात सुमारे ४ लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले असल्याचा अंदाज होता. तो त्यांतला एक. जुलै गेला, ऑगस्ट गेला. “आठवडाभर इकडेतिकडे” हे वाक्य त्यानं टाकून दिलं. फोनवर तारखेचा विषय निघाला की दोघंही गप्प व्हायचो. मुलगी आठ वर्षांची होती. एकदा तिनं विचारलं, “बाबाला बोटीवर किती वाजलेत ते तरी माहीत असतं ना?”

त्या महिन्यांत मी कादंबरी दुसऱ्यांदा वाचली, आणि कॅलेंडरवर फुली मारणं बंद केलं. निश्चय वगैरे केला नव्हता. कुठल्या तारखेपर्यंत मारायच्या हेच ठाऊक नव्हतं, म्हणून पेन उचललं जाईना. संध्याकाळी मुलगी आणि मी गच्चीत जाऊन बसायचो. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात राहिल्या आहेत. तारीख हाती असलेल्या कितीतरी वर्षांतलं मला इतकं स्वच्छ काही आठवत नाही.

तो नोव्हेंबरात आला.

हेन्री ४३व्या वर्षी मरतो, २००६ च्या शेवटच्या रात्री. मागे तो क्लेअरसाठी पत्र ठेवून जातो. त्यात तो तिला विनवतो, की आता थांबू नकोस, मोकळी हो, जगात वावर. आणि त्याच पत्रात सांगतो, की मी तुला पाहिलं आहे, तू खूप म्हातारी झालेली होतीस. म्हणजे आपली आणखी एक भेट व्हायची आहे. पहिल्या वाचनात मी इथं रडले होते. दुसऱ्या वाचनात मला राग आला. थांबू नकोस म्हणायचं आणि भेट होणार हेही सांगायचं, म्हणजे दार उघडं ठेवून ‘दाराकडे बघू नकोस’ म्हणण्यासारखं आहे. सांगितलं नसतं तर? तिला शोक करता आला असता, शोक कधीतरी संपला असता. सांगितल्यामुळे ४६ वर्षांच्या प्रत्येक सकाळी ‘आज’ असण्याची शक्यता राहिली. निरोपाच्या पत्रात त्यानं तिला पुन्हा एक यादी दिली, एकाच भेटीची, आणि तिच्यावर तारीख लिहिली नाही.

पण राग ओसरल्यावर मी स्वतःला विचारलं, हे मला ठाऊक असतं आणि माझ्याजवळ लिहायला एक रात्र असती, तर मी लपवलं असतं? नसतं लपवलं. मीही सांगितलंच असतं, आणि वर ‘थांबू नकोस’ असंही लिहिलं असतं, आणि दोन्ही मनापासून.

शेवटच्या पानांवर २०५३ चा जुलै आहे. क्लेअर ८२ वर्षांची, खिडकीतून पाणी दिसतंय, जवळ चहा. ती आजही तयार होऊन बसली आहे. हेन्री येतो तो ४३ वर्षांचा, त्याच्या मरणाआधीच्या दिवसांतून निसटून आलेला. कुरणात तो छत्तिशीचा आणि ती ६ वर्षांची होती. मधल्या काळात ती सावकाश त्याच्या वयाला आली, त्याला मागे टाकून गेली, आणि आता त्याच्या आजीच्या वयाची आहे. इतकं सगळं अंतर ती दिवसादिवसानं चालली आहे. ‘काळप्रवासी’ हा शब्द शीर्षकात हेन्रीसाठी वापरला आहे, पण सगळा रस्ता पायी तुडवला तो क्लेअरनं.

माझा नवरा आता दोन महिन्यांसाठी घरी आहे. पुस्तक टेबलावर पडलेलं पाहून त्यानं विचारलं, “परत तेच?” मी त्याला इतक्या वर्षांनी विचारलं, की तो दुसरा मंगळवार, पॅसिफिकमधला, त्याचं काय केलं होतंस?

त्याला आठवत होतं. “माझा पहाऱ्याचा वॉच बारा ते चार. दुपारी आणि मध्यरात्री. दोन मंगळवार म्हणजे चार वॉच झाले.”

“बस? एक अख्खा दिवस जास्तीचा मिळाला आणि वॉच केलेस?”

“जास्तीचा कुठला,” तो म्हणाला. “तुझा बुधवार सुरू झाला होता. आदल्या मंगळवारी मी तुझ्यापुढे होतो, आणि रेषा ओलांडली तर एकदम मागे. ब्रिजवर उभा राहून हिशेब करत होतो, तुझ्याकडे आत्ता किती वाजले असतील, तू उठली असशील का. परत येताना तो दिवस काढून घेतात. सोमवारी झोपलो, बुधवारी उठलो. म्हटलं चला, गाठलं.”